सतरा नंबरच्या भिंतीची खरी नक्कल

विषय : सतरा नंबरच्या भिंतीची वाढ थांबवणेबाबत.
संदर्भ : अंडीघराच्या दाई चिंगूताई यांचा अर्ज.

उपरोक्त विषयी, बालमित्रांनो, कळवण्यात येते की, एका जंगलात मुंग्यांचे एक जुने वारूळ होते.

त्याच्या भिंती रोज झिजत आणि रोज नव्याने लिंपल्या जात. प्रत्येक भिंतीला एक टोळी होती. प्रत्येक टोळीकडे पिंपळाच्या पानावर लिहिलेला हुकूम होता. त्यात तीन कलमे होती. भिंत झिजली की माती लावावी. भिंत पुरी झाली की थांबावे. अंगात बळ उरले नाही की जागा सोडावी.

पान वर्षभरात कुजे. मग त्यावरून नवे पान उतरवून घेत. दप्तरदार बायजाबाई नवे पान जुन्याशी ताडून पाहत आणि शिक्का मारत : 'मुळाबरहुकूम खरी नक्कल'. मूळ त्यांनी कधी पाहिले नव्हते. मागच्या वर्षीच्या नकलेलाच मूळ म्हणायची वहिवाट होती.

आता नक्कल म्हटली की चुका आल्याच. पाचव्या टोळीच्या पानात 'माती'ची 'ओली माती' झाली. अकरावी टोळी का कोण जाणे, माती लावण्याआधी चार पावले मागे जाऊ लागली. वारूळ चाळीस पावसाळ्यांचे झाले, तोवर निम्म्या भिंतींचे हुकूम थोडेफार बिघडले होते. बाहेरून काहीच दिसत नव्हते. साठीच्या आजोबांच्या अन्ननलिकेचे अस्तरही असेच असते, मुलांनो. पेशींनी पेशींवरून उतरवलेल्या चुकार नकला जागोजाग. आणि आजोबा आरामात भाकरी खातात.

सतराव्या टोळीच्या पानावर मात्र एका पावसाळ्यात बुरशी आली आणि दुसरे कलम गेले. काही वर्षांनी तिसरेही गेले. बायजाबाईंनी दोन्ही वेळा शिक्का मारला.

त्यानंतर त्या टोळीत कुणी थांबेना, कुणी निवृत्त होईना. मुकादमीण ठकूबाईने जादा दाणे मागितले, ते मिळाले. दाणे आणायला स्वतंत्र बोगदा मागितला, तोही मंजूर झाला. इतके काम दुसरी कुठलीच टोळी करत नव्हती. डॉक्टर याला वेगळे नाव देतात. वारुळात याला प्रगती म्हणत.

भिंत फुगत फुगत हवेच्या वाटेत आली. वाटेपलीकडे अंडीघर होते.

"बायजाबाई, अंडी तापताहेत हो," चिंगूताई धापा टाकत आली. "सकाळपासून सहाही पायांनी वारा घालतेय मी!"

"भिंत पडली म्हणून अर्ज येतात, चिंगूताई. भिंत वाढली म्हणून आलेला हा पहिलाच. कुठल्या फायलीला लावू?"

"जळते मेली!" आणखी दाणे मागायला दप्तरात आलेली ठकूबाई म्हणाली. "आमची भरभराट बघवत नाही हिला."

"अगं, पण थांबणार कधी तुम्ही?"

"थांबायचं कुठे लिहिलंय, दाखव."

चिंगूताईने पान वरून खालून वाचले. लिहिलेले नव्हते. वाद ऐकून पहारेकरी आले. त्यांनी पानावरचा शिक्का पाहिला, ठकूबाईला सलाम केला आणि ते निघून गेले.

तेव्हा चिंगूताईला आठवले. अंडीघरात, सगळ्यांत आतल्या कोपऱ्यात, एक दगडी पाटी होती. पहिल्या राणीने त्या पाटीवर हुकूम कोरला होता. नवे वारूळ वसवायचे असेल तेव्हाच तिच्यावरून नक्कल घेत. एरवी तिला कुणी हात लावत नसे, म्हणून ती नवी करकरीत राहिली होती. चिंगूताईने ती ओढत ओढत दप्तरात आणली.

बायजाबाईंनी वाचले. तिन्ही कलमे होती. त्यांच्या मिशा क्षणभर खाली आल्या. मग त्यांनी पाटी उलटी करून पाहिली.

"शिक्का कुठाय?"

"मुळावर शिक्का कसा असेल? हे मूळ आहे!"

"म्हणजे ही खरी नक्कल नाही."

"नक्कल नाहीच मुळी!"

"बघ, तूच कबूल केलंस."

तरी बायजाबाई अन्यायी नव्हत्या. त्यांनी पाटी ताडून पाहण्यासाठी संबंधित विभागाकडे पाठवली. संबंधित विभाग म्हणजे सतरावी टोळी. ठकूबाईने ताडून पाहिले आणि शेरा दिला : 'पाटीत दोन कलमे जादा आहेत. सबब पाटी चुकीची.' पाटी चांगली जड होती. टोळीने ती भिंतीत बसवली.

त्याच आठवड्यात टोळीतल्या काही जणी पलीकडच्या धान्यकोठारात शाखा काढायला रवाना झाल्या. त्यांना हार घालण्यात आले.

चिंगूताईला शेरा कळवायला शिपाईण अंडीघराकडे गेली. ती कागद घेऊन परत आली. पत्त्यावर दार नव्हते, भिंत होती. आतून वारा घातल्याचा आवाज येत होता, असे तिने तोंडी सांगितले. तोंडी सांगितलेले नोंदवायची पद्धत नाही.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी वाढत राहावे. थांबायला सांगणाऱ्याकडे आधी शिक्का मागावा. याविषयी कुणाची तक्रार असल्यास रीतसर अर्ज करावा. या विषयावर यापूर्वी एक अर्ज आलेला आहे. तो प्रलंबित आहे.