वेदश्रीच्या वाट्याला आलेल्या संधी

हुबळी विमानतळावरच्या मलप्रभा एअर या छोट्या कंपनीकडे विमानं दोन होती, आणि ती उडण्यालायक आहेत असं लिहून खाली सही करणारे परवानाधारक इंजिनियरही दोनच होते : महेश पाच्छापुरे आणि वेदश्री हल्याळकर. वेदश्री धारवाडची. वडील गुरुप्रसाद, घरातले अप्पा, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. ही मुलगी चार वर्षं रोज सकाळच्या बसनं हुबळीला जाई, विमानाच्या पोटाखाली झोपून काम करी आणि हातांना ग्रीसचा वास घेऊन घरी येई. त्याबद्दल कोणी काहीही म्हणत नव्हतं. हा तिच्या आयुष्यातला सुखाचा काळ.

मग वरून परिपत्रक आलं. विमान क्षेत्रात महिलांना करिअरच्या संधी वाढवण्यासाठी कंपनीनं काय केलं, ते दर तीन महिन्यांनी कळवावं.

मॅनेजर श्रीहर्ष कट्टी कर्तव्यदक्ष होते. त्यांनी त्याच दिवशी ‘महिला विमानसेवा संधी विस्तार कक्ष’ स्थापन केला. प्रमुख म्हणून प्रशासन विभागाचे प्रभंजन यांना नेमलं. सदस्य पाच, पाचही पुरुष. कंपनीत महिलांची टंचाई होती आणि कक्ष निघाला होता तो त्याच कारणासाठी, त्यामुळे याला आक्षेप घेता येत नव्हता. तरी फोटोच्या दृष्टीनं एक बाई असावी असं ठरलं आणि वेदश्रीला सदस्य-सचिव करण्यात आलं.

पहिल्या बैठकीला निघाली तेव्हा हँगरमधला जुना मेकॅनिक बाबाजी, अळनावरकडचा, पाना हातात धरून उभा होता.

“अक्का, कुठं निघालायसा? चाक काढून ठेवलंय.”

“मीटिंग आहे.”

“कशाची?”

“बायकांनी चाकं काढावीत, याची.”

बाबाजीनं थोडा विचार केला आणि चाक महेशकडे नेलं.

बैठका आठवड्यातून तीन होऊ लागल्या. त्याशिवाय कॉलेजांतली व्याख्यानं, मंडळांचे सत्कार, एका सराफी दुकानाचं उद्घाटन. प्रदर्शनात मांडण्यासाठी प्रभंजननी तिचा पाना गुलाबी ऑइलपेंटनं रंगवून घेतला. रंगाच्या थरामुळे तो पुढे कुठल्याच नटाला बसेना, पण लांबून छान दिसे. प्रत्येक कार्यक्रम ही एक संधी, असं कक्षानं ठरवलं होतं. दीड वर्षाच्या एकत्रित अहवालात लिहिलं गेलं : ‘महिलांना उपलब्ध करून दिलेल्या संधी – एक्केचाळीस. लाभार्थी महिला – एक.’ वरून अभिनंदनाचं पत्र आलं.

एके दिवशी आई, अनसूया, तिला भाकरी वाढताना म्हणाली, “आता कसे हात बायकांसारखे दिसू लागले बघ तुझे.”

वेदश्रीनं हात बघितले. नखांच्या कडा स्वच्छ होत्या. तिला जेवण गेलं नाही.

कारण परवाना चालू राहायला गेल्या दोन वर्षांत किमान सहा महिने विमानावर काम केल्याची नोंद लागते. दुसऱ्या दिवशी तिनं हिशेब केला. चार महिने अकरा दिवस भरले होते, आणि मुदत संपायला दोन महिने उरले होते. ती कट्टींकडे गेली आणि म्हणाली, “सर, मला हँगरमध्ये परत पाठवा.”

“अहो वेदश्री,” कट्टी खरोखर दुखावले, “तुम्हीच विमानं दुरुस्त करत बसलात, तर महिलांना विमान दुरुस्तीत आणणार कोण?”

प्रभंजन मदतीला धावले. एक्केचाळीस कार्यक्रम हा विमानावरचाच अनुभव धरावा, असं प्रमाणपत्र त्यांनी टाइप करून आणलं. प्रत्येक कार्यक्रमात मागे विमानाचं चित्र होतं, हा त्यांचा मुद्दा. वेदश्रीनं ते घेतलं नाही. “तुम्हाला संधीचं सोनं करता येत नाही,” प्रभंजन कळवळून म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात धारवाडला कक्षाचा महामेळावा झाला. कंपनीचे अध्यक्ष बेंगळुरूहून कंपनीच्याच विमानानं आले. सभागृह भरलेलं. वेदश्री रेशमी साडीत, प्रभंजननी लिहून दिलेलं ‘महिलांनी निर्णय घ्यायला शिकावं’ हे भाषण वाचत होती. तिसऱ्या पानावर तिचा फोन थरथरला.

“अक्का,” बाबाजी म्हणाला, “साहेबांच्या विमानाच्या चाकाजवळ तेल गळायलंय. महेशअण्णा बेळगावला लग्नाला गेल्यात. सही कोण करायची?”

“मी येते,” ती म्हणाली. माइक चालू असल्यामुळे हे सगळ्या सभागृहानं ऐकलं आणि भाषणाचा शेवट समजून टाळ्या वाजवल्या.

तासाभरानं ती हँगरमध्ये विमानाखाली होती. साडीवर जुनं ओव्हरऑल चढवलेलं, पदर कमरेला कसून खोचलेला. आतलं सील फाटलं होतं, नवं सील बेंगळुरूहूनच यायचं होतं. तेल तिच्या कोपरापर्यंत ओघळलं आणि कितीतरी महिन्यांनी तिला आपण कामावर आहोत असं वाटलं. तेवढ्यात कट्टी आणि प्रभंजन धापा टाकत आले.

“अध्यक्षांना चारला निघायचंय,” कट्टी म्हणाले. “सकाळी तर व्यवस्थित उतरलं की.”

“सकाळीही गळत असेल.”

“आजच्या दिवशी तरी नको हो. महिलांचा मेळावा आहे.”

“गळती कुणाचा मेळावा आहे ते बघत नाही, सर.”

तिनं कपड्यानं हात पुसले, नोंदवहीत ‘उड्डाणास योग्य नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली. बाबाजीनं ती सही वाकून बघितली. बऱ्याच दिवसांनी बघत होता. अध्यक्ष रस्त्यानं बेंगळुरूला गेले.

दुसऱ्या दिवशी तिला पत्र मिळालं. ‘आपणास देण्यात आलेली संधी अर्धवट सोडून विमान तपासण्यासारख्या कामासाठी विनापरवानगी निघून गेल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा.’ तोंडी प्रभंजन एवढंच म्हणाले, “सहीचा अधिकार तुम्हाला दिलाय, ते आम्ही अहवालात लिहितोच. वापरा असं कोणी सांगितलं होतं?”

संध्याकाळी तिनं घरी राजीनाम्याचं सांगितलं. बेंगळुरूच्या एका हँगरनं मागेच बोलावलं होतं.

“म्हणजे पेपरात फोटो यायचा बंद होणार,” आई म्हणाली.

“होणार.”

अप्पांनी चष्मा काढला. “सहा महिन्यांतले किती राहिले?”

“एक महिना एकोणीस दिवस.”

“आणि मुदतीला?”

“सात आठवडे आणि दोन दिवस.”

त्यांनी मनात गणित केलं. “दोन दिवस शिल्लक राहतात. उद्याच नीघ.”

ती गेली. त्या हँगरमध्ये नऊ बायका काम करत होत्या. त्यांच्यासाठी कक्ष नव्हता, त्यामुळे कामाला वेळ मिळत होता. परवाना मुदतीच्या आदल्या दिवशी वाचला. ही बातमी कुठल्याही पेपरात आली नाही.

इकडे पुढच्या अहवालात तिची रिकामी जागा ‘महिलांसाठी निर्माण झालेली नवी संधी’ म्हणून दाखवण्यात आली. ती भरण्यासाठी कक्षानं हुबळी-धारवाडमधल्या सुशिक्षित घरांत अर्ज वाटले. वर अभिप्रायाची ओळ, खाली ‘या क्षेत्रासाठी योग्य मुलीचं नाव’. तीनशे सतरा अर्ज भरून आले. अभिप्राय एकमुखी होता : अत्यंत स्तुत्य उपक्रम, काळाची गरज. नावंही तीनशे सतरा आली. स्वतःच्या मुलीचं नाव एकानंही लिहिलं नव्हतं. प्रत्येकानं शेजारच्यांच्या मुलीचं लिहिलं होतं.

यादी मोठी आहे, पण बारकाईनं पाहिली तर तुमच्याही मुलीचं नाव सापडेल. ते शेजारच्यांनी दिलंय. रागानं त्यांच्याकडे जाण्याआधी पुढचं पान उलटा. तिथं त्यांच्या मुलीचं नाव आहे, आणि अक्षर तुम्ही ओळखालच.