पोळी लाटल्याशिवाय पास नाही

हात बरा झाला की नाही, हे गजभिये मास्तर पोळीवरून ठरवत.

भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा उभा राहत होता. जखमी कामगारांचे हातपाय पुन्हा कामाला लावायचं शिक्षण मी नागपुरात घेत होते आणि उमेदवारीसाठी भिलाईच्या एका दवाखान्यात आले होते. मास्तर आमचे वरिष्ठ. त्यांचा नेम असा, की कामगारानं दुखावलेल्या हातानं स्वतःच्या घरी कणीक मळायची, पोळ्या लाटायच्या आणि मास्तरांना वाढायच्या. मगच कामावर जायचा शेरा. जन्मात चुलीकडे न फिरकलेले धिप्पाड क्रेनवाले त्यांच्यापुढे घामाघूम होत.

मी कोन मोजायचं यंत्र पुढे करी. "मास्तर, अंगठा पूर्ण वळतो."

"यंत्राले भूक लागते का, बाई?"

बरोबरीच्या मुली म्हणत, मास्तरांना फुकट जेवायचं असतं. मला मात्र राहवेना. मी हट्टानं त्यांच्याबरोबर घरोघर जाऊ लागले. मास्तर पोळी उजेडात धरून म्हणत, "हे पाह्य, एका बाजूनं जाड. अंगठा अजून भेऊन राहिला." हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

खुर्सीपार वस्तीतला शिवराम खलाशी, म्हणजे दोरानं अवजड सामान चढवणारा कामगार; त्याचा पंजा लोखंडी दोरात सापडला होता. पोळीत तो एकदा नापास झालेला. याही वेळी झाला असता, तर नोकरी जाऊन बिऱ्हाड भंडाऱ्याला परत. त्याची बायको तोंडाला पदर लावून कोपऱ्यात उभी होती. शिवरामनं लाटलं, भाजलं, वाढलं. मास्तर एकेक पोळी उजेडात धरून जेवत राहिले. माझाच जीव टांगणीला लागला.

"पास! सोमवारपासून ड्यूटी."

बायको रडायलाच लागली.

निघताना मी विचारलं, "आता कोणाची परीक्षा, मास्तर?"

"कोणाचीच नाही. सारे बरे झाले," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

शिवरामच्या बायकोनं ते ऐकलं. "मास्तर, इतवारच्या दिवशी जेवाले या."

"कावून? हात तर बरा झाला."

"मंग का झालं? मी रांधीन. तुमी फक्त जेवाले या."

मास्तर गोंधळून मान हलवत बाहेर पडले. ते एकटेच राहत, कँटीनमध्ये जेवत. दवाखान्याच्या फाटकाशी थांबून त्यांनी मला हळूच विचारलं, "बाई, लोकायच्या घरी नुसतं जेवाले जाताना काय घेऊन जातेत?"