सिनेमांचा बंदोबस्त

मुलाखत ऑफिसात झाली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ऑफिसात रंगकाम चालू होतं. टेबलांवर जुन्या चादरी टाकल्या होत्या आणि कक्ष अधिकारी स्वतः जिन्याखाली स्टूल टाकून सह्या करत होते. त्यामुळे टीव्हीच्या पत्रकारबाईंनी फोनवर "मग कुठे भेटू या?" असं विचारलं, तेव्हा ते पटकन म्हणाले, "घरीच या ना."

(त्यांच्या खात्यात पटकन फक्त जेवणाची सुट्टी होते. म्हणून हे नमूद करायचं.)

यामागे एक कारण होतं आणि ते घरी हॉलमधल्या आरामखुर्चीत बसलेलं होतं. सासरे. निवृत्त स्टेशनमास्तर. कानाने कमी, आवाजाने अजिबात कमी नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून लेकीकडे आले होते. गुडघा केव्हाच चालायला लागला होता, सासरे हलले नव्हते. जन्मभर गाड्या थांबवत आणि सोडत आलेला हा माणूस आपल्याला मोजत नाही, अशी कक्ष अधिकाऱ्यांची पक्की समजूत होती. एकदा घरात कॅमेरा येऊ दे, दिवे लागू देत, कॉलरला माइक अडकू दे, मग कळेल जावई काय चीज आहे.

आणि काम तसं साधं नव्हतं. नवा सिनेमा थिएटरात लागला की त्याच दिवशी कुणीतरी तो चोरून इंटरनेटवर फुकट टाकतं. अशा साइट बंद करायचं सरकारी काम कक्ष अधिकाऱ्यांकडे होतं. कुणी विचारलं की ते ठेवणीतलं वाक्य काढत, "आमचं खातं या फुकट सिनेमांचा बंदोबस्त करतं." सासऱ्यांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं, चांगलं मोठ्याने. सासऱ्यांनी मान डोलावली होती.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी कक्ष अधिकारी शर्टाला इस्त्री करत होते. बायको सहज म्हणाली, "बाबांना तो नवा सिनेमा आवडला बरं का. उरलेला आज बघणार आहेत."

"कुठला नवा?"

"कालच लागलेला. त्यांच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या ग्रुपवर येतात ना लिंका. मीही पाहिला. शेवट गुंडाळलाय."

शर्टावर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला तेव्हा कक्ष अधिकारी भानावर आले. "अगं, त्याच साइटविरुद्ध काल मी टिपणी लिहिली. आणि तू माझ्या घरात बसून..."

"तुमच्या खोलीत नाही हो, स्वयंपाकघरात."

"आज टीव्हीवाले येतायत. बाबांना सांग, आज नको म्हणावं."

"मी कशाला सांगू? खातं तुमचं आहे."

सासऱ्यांना काही सांगायचं धैर्य कक्ष अधिकाऱ्यांच्या अंगात नव्हतं. त्यांनी सरळ वायफायच्या डब्याची पिन उपटली, ती खिशात घातली आणि हॉलमध्ये येऊन ओरडले, "बाबा, नेट गेलंय."

"असू दे," सासरे शांतपणे म्हणाले आणि आतल्या खोलीत निघून गेले. तेव्हाच शंका यायला हवी होती. पण पिन खिशात असल्यावर माणसाला फार सुरक्षित वाटतं.

पत्रकारबाई आल्या. कॅमेरामनने सोफा हलवला, पडदा ओढला, कक्ष अधिकाऱ्यांच्या टकलावर पावडर मारली. चहा झाला. कॅमेरा सुरू झाला.

"चोरीच्या सिनेमांना आळा बसलाय का?"

"पुष्कळच," कक्ष अधिकारी म्हणाले. "आमच्या नजरेतून आता काहीच सुटत नाही."

"तुझा बाप कोण, ठाऊक आहे का तुला?" आतल्या खोलीतून कोणीतरी गरजलं आणि पाठोपाठ काचेचं काहीतरी फुटलं.

पत्रकारबाईंनी भुवया उंचावल्या. "घरात कोणी भांडतंय का?"

"शेजारी," कक्ष अधिकारी म्हणाले. "स्वभाव."

"हा तर कालचा नवा सिनेमा," कॅमेऱ्यामागून आवाज आला. "इंटरवलनंतरचा सीन आहे."

तेवढ्यात आतलं दार उघडलं. सासरे रिमोट घेऊन बाहेर आले. "जावईबापू, मध्येच खालची अक्षरं जातायत. बघता का जरा? तुमच्याच खात्याचं आहे."

"नेट बंद असताना चाललंय कसं?" कक्ष अधिकाऱ्यांच्या तोंडून निघून गेलं.

"नेट कशाला? रात्रीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवला होता." मग सासऱ्यांचं लक्ष पाहुण्यांकडे गेलं. त्यांनी टोपी सारखी केली आणि पत्रकारबाईंना म्हणाले, "फार चांगलं खातं आहे हो यांचं. लोकांसाठी फुकट सिनेमांचा बंदोबस्त करतात. तोही लागल्या दिवशी. आमच्या वेळी सरकार इतकं तत्पर नव्हतं."

कॅमेरा चालू होता. त्याच्यावरचा लाल ठिपका कक्ष अधिकाऱ्यांना स्वच्छ दिसत होता.

"बाबा," ते म्हणाले, आणि सासऱ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानेच म्हणाले, "आम्ही सिनेमे पुरवत नाही. बंद करतो."

"बंद?"

"बंद. हा सुद्धा कालच बंद केलाय."

सासऱ्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. आत नायिका हमसून हमसून रडत होती. "मग हे काय चालू आहे?"

मुलाखतीसाठी कक्ष अधिकाऱ्यांनी गुळगुळीत उत्तरं पाठ केली होती. त्यांतलं एकही आठवेना. समोर सासरे उभे होते आणि सासऱ्यांना उत्तर द्यावं लागतं.

"बाबा, साइट सापडली की मी टिपणी लिहितो. ती उपसंचालकांकडे जाते. ते विधी विभागाला विचारतात. विधी विभाग मला विचारतो. मग आदेश निघतो आणि इंटरनेट कंपन्यांकडे जातो. तोवर साइटवाल्याने नावात एक अक्षर वाढवून दुसरं दुकान मांडलेलं असतं. आदेश जुन्या नावाचा. नव्या नावाला नवी टिपणी."

"मग त्या माणसालाच धरा."

"तो परदेशात असतो. त्या देशाला आम्ही पत्र लिहिलंय."

"उत्तर?"

"आलं. कुठलं पत्र, म्हणून विचारलंय."

सासऱ्यांनी मान डोलावली. "म्हणजे गाडी निघून गेल्यावर लाल दिवा दाखवायचा."

इतक्या वर्षांच्या नोकरीत आपल्या कामाचं एवढं नेमकं वर्णन कक्ष अधिकाऱ्यांनी ऐकलं नव्हतं. तरी त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "पण बाबा, हा चोरीचा माल आहे. तुम्ही थिएटरात का नाही जात?"

"गेलो होतो. काही ऐकू येत नाही. लेकीला विचारलं, काय म्हणाला गं तो, तर पुढच्या रांगेतले वळून बघतात. इथे खाली अक्षरं येतात, मागे नेता येतं, आवाज वाढवता येतो. एवढी सोय तुमचं खातं करणार असेल, तर तिकीट काढून बघतो मी. रांगेत उभा राहून."

यावर काय म्हणायचं ते कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

सासऱ्यांचा आवाज मात्र उतरला. "मी फिरायला येणाऱ्या सगळ्यांना सांगून बसलोय," ते म्हणाले. "सिनेमा आला की म्हणतो, हे आमच्या जावयाचं काम. आता त्यांना काय सांगू?"

कक्ष अधिकारी बघतच राहिले. हा माणूस इतके महिने आपला अभिमान बाळगून होता, आणि तो आपण आत्ता, कॅमेऱ्यासमोर, स्वतःच्या तोंडाने घालवला. ते उठून आत गेले आणि त्यांनी खालची अक्षरं दुरुस्त करून दिली. (तेही कॅमेऱ्यात आलं.)

निघताना कॅमेरामन दारात रेंगाळला. "आजोबा, तो पेन ड्राइव्ह जरा मिळेल का?"

मुलाखत दाखवली गेली. उपसंचालकांनी बोलावून घेतलं. "खात्याच्या अडचणी फार उत्तम मांडल्यात तुम्ही," ते म्हणाले. "आता त्या का मांडल्या, याचा लेखी खुलासा द्या."

कक्ष अधिकाऱ्यांना मात्र स्वतःची मुलाखत बघायलाच मिळाली नाही. ते चॅनल पैसे भरून घ्यावं लागे, आणि घरात ते नव्हतं. सासऱ्यांनी मोबाइल पुढे केला. "घ्या. आलीय आमच्या साइटवर."

खरंच होती. वर आपला चेहरा, खाली मोफत डाउनलोडचं बटण. कक्ष अधिकाऱ्यांनी ती दोनदा पाहिली, मग कर्तव्य म्हणून स्वतःच्या मुलाखतीविरुद्ध टिपणी लिहिली आणि वर पाठवली.

काही दिवसांनी पाहतात तो मुलाखत गायब. नावात अक्षर वाढवलेल्या दुकानातही नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. कक्ष अधिकाऱ्यांच्या कारकिर्दीत असं कधी झालं नव्हतं. जेवताना त्यांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, "बाबा, ती मुलाखत आम्ही उडवली. पार मुळापासून. मनावर घेतलं तर सरकार काय करू शकतं बघा."

"आदेश निघाला?" बायकोने विचारलं.

"नाही अजून. फाइल उपसंचालकांच्या टेबलावर आहे. पण धाक बसला असणार."

सासऱ्यांनी घास गिळला आणि जावयाकडे मायेने पाहिलं. "धाक नाही हो, जावईबापू," ते म्हणाले. "जे कोणीच बघत नाही, ते साइटवाले काढून टाकतात. जागा अडते."