मुलाणी डॉक्टर कानडी शिकतात

मुलाणी डॉक्टरांच्या जनावरांच्या दवाखान्यात नमस्कारसुद्धा नंतर, आधी पाय. दारातच जंतुनाशक पाण्याचा उथळ ट्रे. आमदार असो की म्हैस, डॉक्टरांचं एकच, "बुडवा, मग बोला."

पण साताऱ्याकडची माणसं रीत सोडतात होय? चपला काढून हातात धरतात, देवळात शिरावं तसे पाय धुतात आणि शेणानं भरलेल्या चपला घेऊन आत! "आवं, पाय कशाला? चपला बुडवा, चपला!" डॉक्टर ओरडतात. एका आजीनं तर ते पाणी डोळ्यांना लावायला ओंजळीत घेतलं.

"आजी, म्हशीचे खूर बुडालेत त्यात!"

"मग काय झालं? लक्ष्मीच की ती."

मी जतची, कर्नाटकाच्या सीमेवरची. सातवीत शाळा सुटली, इथं ओळखीचं कुणी नाही. कामावर घेताना डॉक्टरांनी मार्कशीट मागितली नाही, माझे हात उलटेपालटे करून बघितले. "नखं काप. उद्यापासून ये." ते उपकार असे, की काम जाईल या भीतीनं पुसलेली दाराची कडी मी अजून एकदा पुसते.

दवाखान्यात लाड करायला सक्त मनाई. "एकाला कुरवाळलं, तोच हात दुसऱ्याला. माया न्हवं ती, रोगाची पोस्टमनगिरी!"

यंदा हिवाळ्यात बिराप्पा आजोबा आले. आमच्याच भागातले धनगर, मेंढरं घेऊन साताऱ्याजवळ उतरलेले. घोंगडीत कुत्र्याचं काळं पिल्लू, करिया. पार्व्हो झालेला, एका कुत्र्याचा दुसऱ्याला लागणारा रोग, रक्ताची हगवण. "याच्या आईला लांडग्यानं न्हेली," आजोबा म्हणाले. "एवढंच राहिलंय."

करियाला मागच्या वेगळ्या खोलीत ठेवलं. आजोबांना आत बंदी, ते बाहेर बाभळीखाली बसून. मलाही बंदी. डॉक्टर बाकीची सगळी जनावरं उरकून शेवटी एकटेच तिथं जायचे.

"हाक मारली तर कानबी हलवत न्हाई गं," एकदा दारातूनच म्हणाले.

"त्याला मराठी कुठं येतंय, डॉक्टर? आजोबा कानडी बोलतात."

मग बंद दाराच्या अलीकडून पलीकडं शिकवणी सुरू झाली. ये म्हणजे बा. खा म्हणजे तिन्नु. डॉक्टरांनी इतकी उजळणी केली, की एका म्हशीलाच "तिन्नु, तिन्नु" म्हणाले. मालक घाबरला, "नवा रोग हाय का काय ह्यो?"

त्या संध्याकाळी मी दाराच्या काचेतून बघितलं. अंगात गाऊन, हातात मोजे, डॉक्टर फरशीवर बसलेले. मांडीवर करियाचं डोकं. पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, "तिन्नु रं राजा. घरी मीबी एकटाच जेवतो, असंच तोंड करून. तू खा, मग मी खातो."

करियानं पेज चाटली. आधी बोटावरची, मग वाटीतली.

तो बरा होऊन निघाला, तेव्हा आजोबा रडत होते, हसत होते, डॉक्टरांना शोधत होते. डॉक्टर निरोपाला आलेच नाहीत. मागच्या खोलीत ब्लीचची बादली घेऊन भिंत घासत होते.

"मी करते की, डॉक्टर."

"ऱ्हाऊ दे." ब्रश थांबवून पाठमोरेच म्हणाले, "तुमच्यात 'जा'ला काय म्हणतात गं?"

"नुसतं जा न्हाई म्हणत. होगी बा म्हणतात. जाऊन ये."

"जाऊन ये नको. त्यानं इथं परत यायचं न्हाई."

ब्रश पुन्हा चालू झाला. मग थांबला. रिकाम्या कोपऱ्याकडं बघत डॉक्टर हळूच म्हणाले,

"होगी बा."