चार वाजताची खट्

सोमवारी दुपारी चारच्या ठोक्याला अभयच्या लॅपटॉपनं आपणहून तोंड उघडलं. आधी घुर्र, मग खट्! डीव्हीडीचा ट्रे बोटभर बाहेर आला. बटण कुणी दाबलं नव्हतं. खोलीत अभय एकटाच होता आणि त्याचे दोन्ही हात डोक्यामागे होते.

एरवी माणूस हसून सोडून देईल. पण अभय ऑफिसातून आठवड्याची रजा काढून रविवारच्या व्याख्यानाची तयारी करत होता, आणि विषय होता 'भूत म्हणजे थोतांड'. बोनकोड्याच्या बुद्धविहारात दुपारी तीनला सभा ठरलेली. कोपरखैरण्यात चार ठिकाणी बॅनर, त्यावर हाताची घडी घातलेला अभय. आणि हा लॅपटॉप होता त्याच्या बाबांचा. मारोतीराव तुर्भ्याच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर रोज दुपारी चारला चहाचा कप घेऊन त्यावर गाण्यांची डीव्हीडी लावून बसायचे. डिसेंबरात ते गेले.

"योगायोग," अभय मोठ्यानं म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं, तरी म्हणाला.

मंगळवारी चारला पुन्हा घुर्र, खट्! बुधवारी त्यानं ट्रेवर चिकटपट्टी लावली. चारला चिकटपट्टी हळूहळू ताणली गेली, टर्रकन सुटली आणि ट्रे बाहेर. अभयच्या मानेवर काटा आला. आता काय सांगावं! रविवारी हाच लॅपटॉप सभेत न्यायचा होता; तिथं भर सभेत, भूत नसतं म्हणत असताना या ट्रेनं डोकं बाहेर काढलं, तर बॅनरवरच्या माणसाला गल्लीत तोंड दाखवता आलं नसतं.

त्यानं स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्या कान्हाभाऊला फोन लावला.

"डिव्हाइस मॅनेजरमदी जा, ड्राइव्ह डिसेबल कर. टेन्शन नको घेऊ," कान्हाभाऊ म्हणाला.

अभयनं केलं. गुरुवारी चारला, घुर्र, खट्!

"कान्हाभाऊ, बंद केलेला ड्राइव्ह उघडतो कसा?"

"बटनाला सॉफ्टवेअर कशाला लागतंय? बटन ढिला झाला हाय. बॉडी तापली का दाबला जातो. खाली येकच स्क्रू हाय, काढून टाक ती बला."

"पण बरोब्बर चारलाच?"

"त्ये मला नाय म्हाईत, दादा," कान्हाभाऊ म्हणाला आणि फोन ठेवला.

अभयची बायको संघमित्रा शिक्षिका; शाळेला सुट्टी असल्यानं ती घरीच होती. चार दिवस तिचं बारीक लक्ष होतं. "काय रे, चार वाजून गेले रे गेले की बाल्कनीत पळून कपडे का वाळत घालतोस? काल तर वाळलेलेच परत घातलेस."

"हवा घेतो."

"मे महिन्यात? दुपारची?"

शुक्रवारी सकाळी अभयनं लॅपटॉप पालथा घातला, बॅटरी काढली, तो एकुलता एक स्क्रू फिरवला आणि ड्राइव्ह ओढून बाहेर काढला. त्या भोकात पुठ्ठा कोंबला. ड्राइव्ह जुन्या टॉवेलात गुंडाळून बाबांच्या लोखंडी कपाटात ठेवला, वर कुलूप. कुलूप कशाला, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

त्याच दुपारी विहार समितीचे सचिव शहाजी सर व्याख्यानाचं पक्कं करायला आले. अभयची आई जाईबाई आत स्वयंपाकघरात पोळ्यांची कणीक भिजवत होत्या.

"जयभीम, अभय! काय, तयारी जोरात?"

"एकदम, सर. आपला मुद्दाच असा आहे, की भीती ही मनात असते. शांत डोक्यानं कारण शोधलं की..."

खट्!

आवाज कपाटातून आला. कुलपाआडून. ड्राइव्हला वायर नाही, वीज नाही, काही नाही. अभयनं घड्याळाकडे पाहिलं. चार.

खट्! पुन्हा.

"बाबा!" अभय किंचाळला आणि सचिवांच्या मांडीवर जाऊन बसला. मोजून साठ वर्षांच्या शहाजी सरांच्या मांडीवर, छत्तिशीतला, बॅनरवर हाताची घडी घातलेला माणूस.

जाईबाई कणकेच्या हातानंच बाहेर आल्या. "कामून ओरडलास रे?"

"आई, कपाट... बाबा..."

"कपाट व्हय? ते वाजतंच की. चार वाजता खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत तिथं जातं, पत्रा तापतो अन् वाजतो. धा वर्सं झाली, दर उन्हाळ्यात वाजतंय. तू कधी दुपारचा घरी असलास तर कळंल ना! तेवढं वाजलं की तुझे बाबा म्हणायचे, 'जाई, चार झाले, चहा टाक.' आम्हाला घड्याळ कशाला लागतंय?"

टेबलावरून सरकत! म्हणजे लॅपटॉपही त्याच उन्हानं तापत होता, आणि ट्रेच्या खट्मध्ये कपाटाची खट् अभयला वेगळी कळलीच नव्हती. संघमित्रा पदरात तोंड खुपसून हसत होती. शहाजी सरांनी अभयला हळूच मांडीवरून उतरवलं.

"शांत डोक्यानं कारण कुणी शोधलं ते दिसलंच," ते म्हणाले. "रविवारी जाईबाई बोलतील. अभय, तू माइक धर."

शहाजी सर गेल्यावर अभय मान खाली घालून बसला. "घाबरलो, आई. माझी लाज वाटते मला."

"भुताला घाबरला असतास, तर 'आई गं' म्हटलं असतंस," जाईबाई म्हणाल्या. "तू 'बाबा' म्हणालास. ती भीती नाही, लेकरा. आठवण आहे. पाच महिने झाले, तू रडला नाहीस."

रविवारी जाईबाई बोलल्या. कागद नाही, लॅपटॉप नाही. लोक पोट धरून हसले, कारण कपाटाचा किस्सा त्यांनी मांडीसकट सांगितला. शेवटी कुणीतरी विचारलं, "पण आजी, तरीबी भीती वाटली तर काय करायचं?"

"चहा टाकायचा. दोन कप."

माइक धरलेल्या अभयनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजले होते. त्यानं कान दिले. विहारात ना कपाट होतं, ना ड्राइव्ह. काहीच वाजलं नाही. आणि आठवडाभर ज्या आवाजाला तो घाबरला होता, तो आज एकदा तरी यावा, असं त्याला फार वाटलं.