दोनशे चौदा घोड्यांची व्हॅन

माझ्या गाडीत साडेतीनशे घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, आहेत, हे मी आमच्या गावात ज्याला त्याला सांगत आलो आहे. न्हावी, पोस्टमन, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी मंडळी, कोणालाही मी सोडलेलं नाही. १९७० सालची, दांडग्या इंजिनाची मसल कार, कारखान्यातून निघाली तशीच, एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही. त्यामुळे आमच्या घरी एकाच गाडीपुरतं जे गॅरेज आहे, त्यात तीच झोपणार हे ओघानेच आलं. माझी बायको कोरीन हिची व्हॅन बाहेर. आणि विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात बाहेर म्हणजे काय, तर रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडत बसायचं.

यंदा ऑक्टोबरात कोरीनने नाश्त्याच्या टेबलावर ती खरवडणी आणून ठेवली.

"या वर्षी हे कोणी करायचं ते ठरवू."

"अगं, त्या गाडीत साडेतीनशे घोडे आहेत."

"मग त्यांना थंडी वाजायची नाही," ती म्हणाली. "ड्वेनकडे ते मोजायचं मशीन आहे ना? तुझी गाडी मोजू, माझी व्हॅन मोजू. जिच्यात घोडे जास्त, ती गॅरेजमध्ये."

मला इतकं हसू आलं की कॉफी नाकात गेली. जिच्या मागच्या सीटखाली नातवंडांचे मोजे सापडतात, ती व्हॅन माझ्या गाडीशी टक्कर घेणार होती!

ड्वेन आमच्या गावचा मेकॅनिक. वर्षातून एकदा तो ते ताकद मोजायचं मशीन, डायनो, लोकांसाठी खुलं ठेवतो. गाडी पट्ट्यांनी जखडून चाकं मोठ्या रोलरवर ठेवायची आणि जागच्या जागी भरधाव पळवायची. चाकांपर्यंत किती ताकद पोचते तो आकडा पडद्यावर येतो. सगळं गाव घडीच्या खुर्च्या घेऊन हजर होतं. शेगडीवर सॉसेज भाजत होते.

व्हॅनचे निघाले दोनशे चौदा. लोकांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा वाजवल्या. मग माझी गाडी चढली. इतकी गरजली की पत्रे थरथरले. आकडा आला दोनशे सहा.

"मशीन बिघडलंय," मी म्हणालो.

"मशीन ठीक आहे, व्हर्न," ड्वेन म्हणाला. "साडेतीनशे कंपनीच्या जाहिरातीत होते. आणि ठिणगी पाडणारे तुझे जुने पॉइंट पार झिजलेत. इंजिन जोरात फिरलं की ठिणगीच चुकते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाक, फरक पडेल."

मी कोरीनकडे असं काही बघितलं की तिला दया आली. "पुढच्या शनिवारपर्यंत मुदत," ती म्हणाली. "त्यानंतर कुरकुर चालणार नाही." ड्वेननेही त्या दिवशी डायनो पुन्हा उघडायचं कबूल केलं.

वायरिंग म्हणजे माझ्या हातचा मळ. नवा भाग मागवला, नवी कॉइल बसवली. चावी फिरवल्यावर जिच्यात पूर्ण करंट येतो अशी एक वायर तेवढी हवी होती. मी चावी फिरवली, नेहमीप्रमाणे रेडिओ लावला आणि डॅशबोर्डखाली पाठीवर सरपटलो. त्या रेडिओचं स्टेशन बदलायचं बटण कधीच तुटलंय, त्यामुळे त्यावर फक्त पोल्का, म्हणजे अकॉर्डियनवरचा नाचाचा ठेका, लागतो. मला आवडतो. तर एका पिवळ्या वायरीला करंट तपासायचा दिवा लावून बघितला, लख्ख पेटला. दिली जोडून. इंजिन असं चाललं की मी डोळे पुसले.

शनिवारी पुन्हा सगळं गाव. गाडी मीच चालवणार होतो. माझ्यावर विश्वास नाही म्हणून कोरीन शेजारी बसली. ड्वेनने पडद्याजवळून हात वर केला, मी पाय दाबला, काटा चढू लागला, आणि मध्येच इंजिन गप्प.

माझा मेव्हणा गॉर्डी धावत आला. "पेट्रोलमध्ये पाणी आहे!" दुसरा म्हणाला कार्ब्युरेटर, तिसरा म्हणाला कॉइल. बघता बघता बॉनेटखाली नुसत्या पाठी दिसू लागल्या. मी मन शांत करायला पोल्का लावला. गॉर्डीने कार्ब्युरेटरवर एक थापटी मारली, मी चावी फिरवली, इंजिन सुरू!

"माझा हात लागला," गॉर्डी सगळ्यांना सांगत सुटला.

पुन्हा पाय दाबला. पुन्हा अर्ध्यात गप्प. पुन्हा पाठी. आता गॉर्डीने हवेचा फिल्टर काढून डोक्याएवढ्या उंचीवर धरला होता.

"व्हर्न," कोरीन हळूच म्हणाली, "त्या पोल्काने माझं डोकं उठतं, म्हणून मी दोन्ही वेळा रेडिओ बंद केला."

"बरं मग?"

तिने रेडिओ लावला. "फिरव चावी." इंजिन सुरू झालं. तिने रेडिओ बंद केला. इंजिन बंद. मला ती पिवळी वायर आठवली. ती रेडिओच्या दिव्याची होती; रेडिओ चालू असेल तरच तिच्यात करंट!

कोरीन तोंडावर हात ठेवून इतकी हसली की गाडी पट्ट्यांत हलायला लागली. मग तिने डोळे पुसले, पोल्का लावला आणि हात त्याच बटणावर ठेवला.

"कोरीन," मी म्हणालो, "आता पट्ट्या सोडून वायर बदलायला वेळ नाही."

"माहीत आहे."

"गॅरेजचा प्रश्न आहे गं."

"तेही माहीत आहे. दाब."

मी दाबला. अकॉर्डियन किंचाळत होतं, इंजिन गरजत होतं, आणि माझं सगळं लक्ष पडद्याऐवजी तिच्या दोन बोटांवर होतं. बोटं हलली नाहीत. आकडा आला दोनशे एकोणीस. लोक उठून उभे राहिले. गॉर्डीने फिल्टर उंचावून अभिवादन स्वीकारलं.

घरी आल्यावर गॅरेजचा दरवाजा कोरीननेच उघडला आणि मला आत यायची खूण केली. मी आत आलो, पोल्का बंद केला, तसं इंजिनही बंद पडलं. त्या बटणावरची तिची दोन बोटं आठवली. मग पुन्हा पोल्का लावला, गाडी सुरू केली आणि मागे घेत बाहेर काढली.

परवा पहिला बर्फ पडला. व्हॅन गॅरेजमध्ये कोरडी ठणठणीत होती. मी बाहेर माझ्या गाडीवरची ताडपत्री झटकून काच खरवडत होतो. शेजारच्यांनी खिडकीतून विचारलं, "हरलास वाटतं?"

नाही हो, जिंकलो. पाच घोड्यांनी.