कल्याणची अर्धी बाटली

आष्टीचे बियाणे विक्रेते भुजंगराव जहाजाच्या सहलीला निघाले होते आणि घरात एका बाटलीवरून वाद पेटला होता. बाटली तीही अर्धी.

कपाशीचं बियाणं दणकून विकल्याबद्दल कंपनीनं ही सहल जोडीनं दिली होती. भुजंगरावांना मिळाली, तशी शेजारच्या दुकानाच्या कल्याणलाही. बातमी आली त्या संध्याकाळी दोघं नेहमीप्रमाणे गोडाउनात पोत्यांवर बसले. अर्धी संपल्यावर कल्याणनं झाकण लावलं. "बाकीची जहाजावर, भुजंगा. समुद्राकडं तोंड करून." तेवढ्यात त्याच्या बायकोनं, नंदाबाईनं, शटरपाशी येऊन रोजची हाक मारली, "आता बास, उठा दोघं!" दोघं मुकाट उठले. त्याच आठवड्यात कल्याण गल्ल्यावर बसल्याबसल्या गेला.

सहल पुढं ढकलत ढकलत वर्षानं निघाली. कल्याणच्या जागी नंदाबाईला न्यायचं ठरलं. भुजंगरावांच्या बायकोनं, दैवशालानं, तिला हट्टानं तयार केलं होतं.

कंपनीचा माणूस हरिओम येऊन नियम सांगून गेला. "काका, सोबत दारू न्यायची न्हाई. वाइनची एक सीलबंद बाटली चालती. फोडलेली घावली की तिथंच वतून देतेत."

"मंग तिथलीच घ्या की इकत," दैवशाला म्हणाली.

"तिथली कल्याणची हाय का?" भुजंगरावांचा आवाज चिरकला.

शेवटी त्यांनी दारू तांब्याच्या गडूत ओतली, फिरकीचं झाकण घट्ट लावलं आणि वर लाल फडकं बांधलं. गोदावरीचं पाणी म्हणून सांगायचं ठरलं. पण मुंबईच्या बंदरावर शिपायानं गडू हलवून "क्या है?" विचारलं, तेव्हा त्यांची बोबडी वळली.

"अस्थी," त्यांच्या तोंडून निघून गेलं. "दोस्त की. गोदावरी के पानी में."

शिपाई दोन पावलं मागं सरला. मागं उभ्या नंदाबाईनं डोळ्यांना पदर लावला. "माझे मालक हायेत ते," ती म्हणाली. धरणीनं पोटात घ्यावं असं भुजंगरावांना झालं. शिपायानं गडूला हात जोडले आणि जहाजावरच्या साहेबांना कळवलं.

साहेब फारच भला माणूस निघाला. असं काही खोलीत ठेवता येत नाही, संध्याकाळी आपण सगळे मिळून सन्मानानं विसर्जन करू, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं. सूर्य कलताच सगळे विक्रेते डेकवर जमले. कंपनीच्या पिवळ्या टोप्या हातात आल्या. अंबडचा बबलूशेठ, ज्याचं कल्याणशी बियाण्याच्या भावावरून कधी पटलं नाही, तोच सगळ्यांत मोठ्यानं रडला.

"चलिए भाईसाहब," साहेब हळूच म्हणाला.

भुजंगरावांनी गडू कठड्याबाहेर कलता केला. वर्षभर जपलेली दारू समुद्रात गेली. वाऱ्यावर वास सुटला, तशी मंडळी एकमेकांची तोंडं संशयानं हुंगू लागली. साहेब कडक सॅल्यूट ठोकून उभा होता.

गर्दी पांगल्यावर भुजंगराव कठड्याला टेकून खालीच बसले. मित्राला दिलेला एक शब्दही पाळता आला नव्हता. नंदाबाई जवळ आली.

"भाऊजी, गोडाउनातलीच ना ती?"

त्यांनी मान खाली घातली. "व्हय, वैनी. चुकलो मी."

"अस्थी तर शहागडला गोदावरीत माझ्याच देखत सोडल्या."

"मंग तिथं तुमी बोलल्या का न्हाई?"

"ह्या वासापायी जलमभर भांडले मी. फडक्याला येत व्हता ना. लाइनीत एकदम आला अन् वाटलं, हे बाजूलाच उभे हायेत." तिनं गडू हलवून पाहिला. "तळाला घोटभर हाय. घ्या."

समुद्राकडं तोंड करून भुजंगरावांनी तो घोट घेतला. कल्याण गेल्यापासून त्यांना धड रडता आलं नव्हतं. आता मात्र ते लहान मुलासारखे हमसून रडले, किती वेळ कोण जाणे. नंदाबाई शेजारी उभी होती. अंधार पडला तसा तिनं पदर सावरला.

"आता बास," ती म्हणाली. "उठा दोघं."